कॅसेटीतली पंगत

ताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आमच्या कपाटात जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेली होती. त्यात आजोबा होते, आईचे वडील. लग्नानंतर काही महिन्यांतच ते गेले, आणि चालते-बोलते दिसतील अशी तेवढी एकच जागा उरली. पण कॅसेट बघायची तर व्हिडिओचं मशीन वसमतहून भाड्यानं आणावं लागे. आई म्हणायची, "भाड्यानं काहून? मशीनचा भाव दरसाल उतरून राहिला. घरचंच घेऊ, मंग रोज पाहू."

आईचं म्हणणं मला पटायचं, पण हा भाव उतरवतं तरी कोण, याचं मला भारी कुतूहल होतं. आमच्या गावात, कुरुंद्यात, ते डोळ्यांनी बघायला मिळालं. हळद विकून एकानं टीव्हीला जोडायचा सीडी प्लेअर घेतला आणि अख्ख्या गल्लीला चैन पडेना. पुढच्या हळदीला दुकानदारानं खोक्यांनी माल आणला अन् भाव धपकन खाली आला. म्हणजे भाव आम्हीच उतरवत होतो, एकमेकांचं बघून बघून. आमच्याकडंही प्लेअर आला. आई कॅसेट घेऊन हजर. नवं मशीन जुनं सगळं दाखवणारच, असं ती धरून चाललेली. कॅसेट त्यात जाणार कुठून? वसमतला गेलो, तर भाड्याची मशीनं भंगारात गेलेली. आता ती कुणी मागतच नव्हतं.

मग नांदेडला एका स्टुडिओवाल्यानं कॅसेटची सीडी करून दिली. घरी लावली. ताई, भावजी, पडद्यावर पडणारी गुलाबाची फुलं, आहेर आणि मागं सिनेमाची गाणी. आजोबा कुठंच नाहीत. आईनं सीडी पदरानं पुसून पुन्हा पहिल्यापासून लावली, तेव्हा मला जास्तच राग आला. दुसऱ्या दिवशी कॅसेट घेऊन तणतणत परत गेलो.

"पंगत कापली," स्टुडिओवाला शांतपणे म्हणाला. "एका सीडीत सगळं मावत न्हाई. अन् पंगत कोणी मागत बी न्हाई."

"आमी मागून राहिलो," मी म्हणालो, आणि नुसत्या पंगतीची वेगळी सीडी करून घेतली.

ती घरी लावली. पडद्यावर आजोबा बुंदीची परात घेऊन वाढत होते. कॅमेरा जवळ आला तसे ते वैतागले आणि हात हलवून म्हणाले, "माझं काय शूटिंग काढून राहिला? तिकडं नवरीचं काढ."

कॅमेरा वळायला लागला. आई टीव्हीजवळ सरकली आणि म्हणाली, "बा, थांबा की जरा."