आर्टिकलअक्का

कुणी चुकीचं इंग्रजी बोललं की अक्का हातातलं काम टाकून त्याच्याकडे वळायच्या. "स्वल्प थांब," म्हणायच्या, "तुला नक्की काय म्हणायचंय?"

कानडी मुलखात, चामराजपेटेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं त्यांचं मराठी घर. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या आमच्यासारख्या, पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेल्या मुलींची शिकवणी घेत. 'अ' आणि 'द' यांवर त्यांचा इतका कटाक्ष, की पाठीमागे आम्ही त्यांना आर्टिकलअक्का म्हणायचो. आपल्या सोयीचा अर्थ लावणारीची तर त्या गयच करत नसत.

सुरुवातीला मी एका निबंधात 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर' असं लिहिलं. थोड्या मैत्रिणी आहेत म्हणायचं तर 'अ फ्यू' हवं; नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळजवळ कुणीच नाही. अक्कांनी ती चूक तशीच ठेवली. "खरं तेच लिहिलंस," म्हणाल्या, आणि दर रविवारी मला जेवायला बोलावू लागल्या. पंगतीला त्यांचे मितभाषी यजमान, अण्णा, आणि थकलेल्या सासूबाई असत.

एक दिवस अण्णांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मी हॉस्पिटलात पोचले, तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "रिकव्हरी इज आउट ऑफ क्वेश्चन," एवढं बोलून ते निघून गेले.

त्यांना 'आउट ऑफ द क्वेश्चन' म्हणायचं होतं, म्हणजे आशा नाही. 'द' गाळला की जुन्या, पुस्तकी इंग्रजीत अर्थ नेमका उलटा होतो: त्यात शंकाच नाही. हे अक्कांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाकावरच्या सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले, असं त्या विचारत होत्या. अक्का त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"हे बरे होणार, म्हणाले. त्यात शंका नाही."

त्या दुपारी म्हातारीनं दोन घास खाल्ले.

अण्णा त्याच आठवड्यात गेले. अक्कांनी शिकवणी बंद केली. पुढे माझी बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला गेले. मला पाहून सासूबाईंना हॉस्पिटल आठवलं असावं. त्यांनी सुनेला विचारलं, "बरा होणार, असं डॉक्टर म्हणाले होते ना गं?"

अक्का क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या.

"होय, अत्ते," त्या म्हणाल्या. "अगदी तसंच म्हणाले होते."