साळवे सरांचा राहून गेलेला फोन

मलिहाबादच्या एका बागेत दशहरी आंब्याची कीड पडलेली पानं मी पिशवीत भरत होते, तेव्हा शांतीचा फोन आला. ती साळवे सरांकडे स्वयंपाकाला यायची. "दीदी, साहब उठ नहीं रहे हैं... आप आ जाइए." पिशवी तिथेच टाकून निघाले. त्या सकाळी मी सरांकडे वाचायला जाणार होते, आणि गेले नव्हते.

दानिएल साळवे मूळचे राहुरीचे. लखनौच्या संशोधन संस्थेत ते माझे वरिष्ठ. निवृत्तीनंतर इंदिरा नगरात आमच्याच गल्लीत राहायचे. मूलबाळ नव्हतं, बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आधीच गेल्या होत्या. काचबिंदूनं नजर गेली तेव्हा त्यांनी एकच मागितलं. "नीलिमा, रोजचा शास्त्रपाठ वाचून दाखवशील? इथं मराठी बायबल वाचणारं दुसरं कोण मिळणार मला?" मी वाईच्या भिक्षुकाघरची. तरी पाच वर्षं रोज सकाळी साडेसहाला त्यांच्यासमोर बसून मी वाचत आले. वाचून झालं की ते विचारत, "आज कुठं टोचलं तुला?" मी आवडलेली एखादी ओळ सांगायचे. त्यांना मात्र कालचा दिवस आठवायचा... शांतीवर उगाच ओरडलो, शेजाऱ्याला खोटंच घरी नाही म्हणून कळवलं. मग "देवबापा" म्हणून हात जोडत आणि एकेकाचं नाव घेत. शांतीच्या मुलीची परीक्षा, माझ्या आईचे गुडघे, गल्लीतला चौकीदार... सगळे असत त्यात.

धाकट्या भावाचं, शमुवेलचं नाव तेवढं कधी आलं नाही. आई वारली तेव्हा सरांची गाडी वाटेत अडकली. ते राहुरीला पोचले तोवर शमुवेलनं वाट न बघता माती उरकली होती. कबरस्तानात दोघं भांडले, ते शेवटचं बोलणं. त्याला एकोणीस वर्षं झाली होती. हे मला बाईंनी सांगितलेलं. सर कधी बोलले नाहीत.

त्या सोमवारी याकोब आणि एसावाच्या भेटीचा भाग आला. आपण फसवलेला भाऊ आता सूड घेणार म्हणून याकोब भीत भीत पुढे जातो, आणि एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. "परत वाच," सर म्हणाले. मी वाचलं. "माझ्या वहीत शमूचा नंबर असेल बघ... लावून देतेस?"

मी घड्याळ पाहिलं. मीटिंग होती. "सर, उद्या लावूया? नक्की."

"हो हो, उद्या लावू," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मलिहाबादला न्यायला संस्थेची गाडी सहालाच दारात आली. संध्याकाळी जाऊ, म्हणून मी त्यांच्या घरावरून पुढे निघून गेले.

वहीत नंबर होता. मीच लावला, बातमी द्यायला. शमुवेल साळवे येईपर्यंत आम्ही दफन थांबवलं. कबरीपाशी त्यांनी मला एवढंच विचारलं, "दादा माझं नाव काढायचा का कधी?" "काढायचे," मी म्हणाले. सोमवारचं मात्र सांगितलं नाही. त्यानंतर रोज साडेसहाला मला जाग यायची, आणि बंद दाराआड कुणी तरी खुर्चीत ताटकळत बसलंय असं वाटायचं.

महिन्याभरानं, त्याच वेळी फोन वाजला. "बाई, दादाला तुम्ही काय वाचून दाखवायचात?" आवाज इतका सरांचा, की माझ्या तोंडून "सर" निघून गेलं. मग मी सगळं सांगून टाकलं. सोमवार, वही, मीटिंग, 'उद्या'.

"आईच्या मातीनंतर आठवड्यानं मी दादाला पत्र लिहिलं होतं," ते म्हणाले. "टाकलं नाही. कपाटात आहे अजून... तुम्ही तो भाग वाचा, बाई."

आता रोज सकाळी त्यांचा फोन येतो. मी वाचते, ते प्रार्थना करतात. गेलेल्यांसाठी मागायची त्यांच्यात पद्धत नाही, म्हणून दादाचं नाव ते घेत नाहीत, माझं घेतात. मी डोळे मिटून ऐकते. सरच माझं नाव घेताहेत असं वाटतं, आणि फोन ठेवल्यावरही डोळे उघडायचं धाडस होत नाही...