काशीमामांची बिनबॉनेटची जीप

भिवंडीत खेळण्यातल्या गाड्यांची माझ्याएवढी पारख कुणालाच नाही. हे मी काशीमामांना पहिल्याच भेटीत ऐकवलं, तर त्यांनी माझ्या हातातली गाडी घेतली, उलट्या बाजूला फिरवून परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तोंड हिकडं हाय तिचं."

आता त्या गाडीला दोन्हीकडून सारख्याच काचा होत्या, त्यात माझी काय चूक. पण मामी चहा घेऊन दारातच उभी होती. तिनं ते बघितलं आणि त्या दिवसापासून माझा हिशेब तिच्या मनात पक्का झाला.

मी काल्हेरला गोडाऊनमध्ये रिटर्नच्या सेक्शनला आहे. लोक घरबसल्या माल मागवतात, उघडून बघतात, आवडला नाही की परत पाठवतात. तो परत आलेला माल मी तपासतो. तुटका निघाला की आमचे सुपरवायझर अन्सारीभाई त्याला कॉम्प्युटरवर 'डॅमेज' मारतात आणि तो भंगाराच्या पिंपात जातो. त्या पिंपातली खेळणी घरी न्यायला भाईंची मला परवानगी होती. "ले जा, तेरे लायक है," असं म्हणायचे. मला ते बरेच दिवस कौतुक वाटायचं.

काशीमामा नारपोलीत आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मामा कुणाचेच नाहीत, पण सगळी गल्ली मामा म्हणायची. भिवंडी ते गणेशपुरी तीस वर्षं पॅसेंजर जीप चालवली त्यांनी. नऊ माणसांची जीप, आत पंधरा बसायची. ती त्यांनी मेलेल्या गाड्यांमधून जमवलेली होती. सांगाडा कापून लांब केलेला, चाकं टेम्पोची, टप एका जुन्या व्हॅनचा, आणि पुढचे गोल दिवे कुठल्या ट्रकचे ते मामांनाही आठवत नव्हतं. ती जीप भंगारात गेली त्याला बरीच वर्षं झाली. आता मामा तिची छोटी जीप बनवत होते, हातभर लांब. दुकानात तशी मिळणार कुठून. जगात एकच होती. मग काय, पाच-सहा खेळण्यांतून एकेक भाग काढायचा आणि जमवायची. जिच्यातून भाग काढायचा त्या गाडीला मामा 'देणारी' म्हणायचे.

मला वाटलं, सोपं आहे. पुढच्याच दिवशी मी पिशवी भरून देणाऱ्या घेऊन गेलो. मामांनी खिशातून लाकडाचा एक माणूस काढला. बोटाएवढा, लूमच्या जुन्या धोट्याच्या लाकडातून कोरलेला, बसलेला, दोन्ही हात पुढं. तो त्यांचा ड्रायव्हर. मी आणलेल्या प्रत्येक गाडीत ते त्याला बसवायचे. एका गाडीत त्याचं डोकं टपाच्या वर आलं. दुसरीत तो असा हरवला की शोधायला गाडी उलटी करून झटकावी लागली.

"चाक बघ," मामा म्हणाले. "शेजारी हुबा ऱ्हायलो की माझ्या जीपचं चाक माझ्या मांडीला लागायचं. हे ह्याच्या छातीला लागतंय. हा चढंल कसा?"

"मामा, लाकडाचा आहे तो. कशाला चढतोय?"

"चढणार न्हाय तर चालवंल कसा?"

मी चाक बघत होतो, चाकं सगळी गोलच होती. खोक्यावर काहीतरी आकडे असतात, कुठली गाडी खऱ्यापेक्षा किती पट लहान ते, पण मी सातवीपर्यंत शिकलेला, त्यातली सातवी दोनदा. ते आकडे मी मामांना वाचून दाखवायचो आणि मामा म्हणायचे, "आकडा ऱ्हाऊ दे. माणूस बसतो का बघ." पिशवीतल्या अकरा गाड्यांतून त्यांनी एक आरसा घेतला. एकच, तोही डाव्या बाजूचा.

मामांचं सगळं काम शुक्रवारी. त्यांच्या भिंतीपलीकडं कापड विणायचे चोवीस लूम होते. ते चालू असले की खाट हलायची, टेबल हलायचं, कपातला चहा हलायचा, टेबलावरचे बारीक स्क्रू उड्या मारत कडेपर्यंत यायचे. म्हणून मामा ओल्या फडक्यावर थाळी ठेवून तिच्यात भाग ठेवायचे. पण चिकटवायचं काम हलत्या टेबलावर होत नाही. शुक्रवारी लूम बंद, तेव्हाच गोंदाची बाटली उघडायची. बाकीचे सहा दिवस नुसतं निवडायचं.

आणि निवडताना प्रत्येक गाडीला एक प्रश्न. हातात घ्यायचे, अंगठ्यानं टपावरची धूळ पुसायचे आणि मला विचारायचे, "हिला काय झालं?"

मी सांगायचो, मामा, हिचा पाय मोडलाय, ही पाण्यात भिजलीय, हिच्यावर कुणीतरी बसलंय. ते ऐकून घ्यायचे. मगच चाकू लावायचा. चांगली, चालणारी गाडी कितीही मापात बसली तरी तिला हात नाही. "चालतीचं काय काढायचं न्हाय," एवढंच म्हणायचे. मी एकदा स्वतःच्या खिशातून नवीकोरी गाडी विकत नेली, तर ती त्यांनी टेबलावर दोनदा पुढं-मागं चालवली आणि म्हणाले, "बेस हाय. पोरीला दे." मला पोरगी नाही. मी ती आमच्या टीव्हीवर ठेवली.

मग त्यांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. एक डोळा आधीच गेलेला, ते कुणाला बोलले नव्हते. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, औषध घाला, पण फार तर चार-पाच महिने. मामांनी बोटांवर हिशेब केला आणि मला म्हणाले, "म्हंजे वीस शुक्रवार." जीपचं तोवर सगळं झालं होतं. सांगाडा, टप, मागची समोरासमोरची बाकडी, वरचं कॅरियर. राहिलं होतं एक बॉनेट. बॉनेट मिळालं की रंग, आणि रंग झाला की एकदा पूर्ण जीप डोळ्यांनी बघायची. तेवढंच पाहिजे होतं त्यांना. मामी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "दिल्या, शोध रं. रोज उठून पयला तिलाच बघतात."

मी पिंपन् पिंप शोधलं. आठ शुक्रवार गेले. बॉनेट मिळेना.

आणि एक दिवस माझ्या टेबलावर हिरवी जीप आली. गिऱ्हाइकाला लाल पाहिजे होती म्हणून परत. मी लाकडी ड्रायव्हर मामांकडून मागून घेतला होता, तो खिशातच असायचा. बसवला. असा बसला की जणू तिथंच जन्मला. बाहेर शेजारी धरला तर चाक बरोबर मांडीला. बॉनेट तर मामा हातानं हवेत आकार काढून दाखवायचे, तस्संच.

पण गाडी धडधाकट. डॅमेज नाही, म्हणजे पिंपात नाही, म्हणजे मला नाही. आणि विकत घेऊन नेली तरी मामा हात लावणार नाहीत. मी इकडंतिकडं बघितलं आणि ती वरच्या रॅकवरून खाली सोडली.

काही झालं नाही. माझी पाडायचीही लायकी नव्हती. दुसऱ्यांदाही काही नाही. तिसऱ्यांदा मागचा अ‍ॅक्सल मोडला, एक दार निघालं, आणि बॉनेटला ओरखडासुद्धा नाही. इतकं नेमकं काम मी गोडाऊनमध्ये आधी कधी केलं नव्हतं. पाडताना खोका मात्र बाजूला काढून ठेवला होता, त्यात ती परत घातली. अन्सारीभाईंनी डॅमेज मारला. मी पळत नारपोलीला.

मामांनी गाडी हातात घेतली. अंगठ्यानं टप पुसला.

"हिला काय झालं?"

"फोर्कलिफ्टनं ढकलली, मामा."

त्यांनी खोक्याचे चारही कोपरे बोटांनी चाचपले. "खोक्याला काय न्हाय झालं."

"खोका वाचला," मी म्हणालो.

"नशीब खोक्याचं," मामा म्हणाले. माझ्याकडून ड्रायव्हर घेऊन आत बसवला. बराच वेळ बघत राहिले, डोळा अगदी जवळ नेऊन. मी चाकूची वाट बघतोय. तर म्हणाले, "शुक्रवारी बघू."

शुक्रवारी गेलो तर मामा त्या हिरव्या जीपचा अ‍ॅक्सल दुरुस्त करत होते. सायकलची तार कापून, कानशीनं घासून. मला काही समजेना. मी म्हटलं, "मामा, ही देणारी आहे."

"हिला लय काय झालेलं न्हाय," ते म्हणाले. "व्हईल बरी."

पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच. तार सटकायची, त्यांना दिसायची नाही, मी जमिनीवरून शोधून द्यायचो. दाराच्या बिजागरीला तीन शुक्रवार. मी मनात शुक्रवार मोजतोय आणि आपली जीप कपाटावर उघड्या तोंडानं बसलेली.

त्यातल्याच एका शुक्रवारी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मान खाली, कानस चालू. जीप नवीन असताना त्यांना कुणीतरी एक बॉनेट आणून दिलं. भंगारातलं म्हणाला. मस्त बसलं. दोन दिवसांनी वज्रेश्वरीच्या नाक्यावर एक ड्रायव्हर आपल्या बिनबॉनेटच्या जीपला टेकून बसलेला दिसला. मामांनी पॅसेंजर खाली उतरवले, बॉनेट खोलून त्याला दिलं आणि स्वतःच्या इंजिनावर बारदान बांधलं. दीड महिना तसेच फिरले.

"तुम्हाला काय माहीत होतं, ते कुठून आलंय?" मी म्हटलं.

"आदी न्हाय इचारलं," मामा म्हणाले. "तवापास्नं इचारतो."

ते मला उद्देशून होतं की सहज, हे मला तेव्हाही कळलं नाही. मी पायाजवळ तार शोधत राहिलो. तार माझ्या हातातच होती.

सात शुक्रवारांनी हिरवी जीप चालायला लागली. मामा म्हणाले, "जा, व्हती तिथं ठेव." मी ती घेऊन अन्सारीभाईंकडं गेलो. त्यांनी ती टेबलावर चालवून बघितली, दार उघडून बंद केलं आणि म्हणाले, "गाडी ठीक है. पर सिस्टम में मर गई तो मर गई. वापस नहीं ले सकता."

मला एवढा आनंद झाला. मी रिक्षात बसून थेट मामांकडं. "मामा, ही अधिकृतपणे मेलीय. कॉम्प्युटरमध्ये आहे. आता काढू या बॉनेट."

मामा खाटेवर बसले होते. मी दारात होतो तरी ते खिडकीकडं बघत होते, तेव्हा मला समजलं की डॉक्टरचा हिशेब चुकला होता. त्यांनी हात पुढं केला. मी गाडी दिली. बोटांनी चाकं फिरवली, एक-एक, चारी.

"चालते ना?"

"चालते, मामा."

"मंग न्हाय," ते म्हणाले आणि गाडी मला परत दिली. ह्या वेळीही तोंड बरोबर माझ्याकडं करून.

गेल्या थंडीत मामा गेले. डोळ्यांचा काही संबंध नव्हता, छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत आटोपलं. मी फोर्कलिफ्टची गोष्ट त्यांच्यापुढं शेवटपर्यंत तशीच ठेवली. त्यांना ती खरी वाटली होती का, हा प्रश्न मी किती दिवस डोक्यात फिरवतोय, पण माझ्या डोक्यात गोष्ट फिरते नुसती, कुठं पोचत नाही.

तेराव्यानंतर मी हिरवी जीप आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मामीकडं गेलो. ती वाल सोलत बसली होती. पलीकडं लूम चालू, थाळीतले वाल हलत होते. मी कपाटावरून मामांची जीप खाली घेतली, आत तो लाकडी ड्रायव्हर बसवला आणि म्हटलं, "मामी, आता हे बॉनेट हिला बसवून टाकतो. मामांचं एवढंच राहिलं होतं."

मामीनं हातातला वाल सोलून थाळीत टाकला. वर न बघताच म्हणाली, "ठेव ती खाली. तुझ्या हातातनं गाड्या पडतात."