चादरीवरची सुरकुती

इस्त्री किती तापलीय हे इस्त्रीकाकू गालाला विचारतात. इस्त्री उचलून चेहऱ्याजवळ आणायची, गालापासून चार बोटांवर धरायची आणि डोळे मिटायचे. रेशमाला एवढी पुरे, चादरीला अजून थोडी हवी, हे गाल सांगतो. नवं गिऱ्हाईक दचकतं.

"अहो काकू, चेहरा भाजेल."

"आजवर कुणाचं कापड भाजलं नाही, चेहरा कशाला भाजेल," असं म्हणून काकू कॉलरीकडे वळतात.

दुकान खाली, घर वर. दुकानात एक लांब टेबल, त्यावर जुन्या घोंगडीची जाड घडी, तिच्यावर पांढरं फडकं, मागे भिंतीला टेकलेली गाठोडी. इस्त्री काकूंची, घड्या घालणं आणि कपडे घरोघरी पोचवणं हे काम त्यांच्या नवऱ्याचं. शर्टाची घडी अशी घालतात, की उलगडायला माणसाचा जीव होत नाही. म्हणून गल्लीत सगळे त्यांना घडीमास्तर म्हणतात. हात घड्यांत गुंतलेले असले तरी घडीमास्तरांचं तोंड मोकळं असतं, आणि त्या तोंडाची आवडती गोष्ट एकच. लेकीच्या जन्माची.

"सकाळपासून हिची कंबर दुखत होती," ते सुरू करतात. "पण इस्त्रीवालीची कंबर कधी दुखत नाही? ही म्हणाली, टेबलाचं दुखणं आहे. टॉवेल करकचून बांधला आणि लागली कामाला. त्या दिवशी लॉजच्या चादरींचा ढीग होता. अर्धी चादर झाली आणि हिनं टेबल धरलं. मी म्हटलं, चक्कर आली. कसली चक्कर नि कसलं काय! समोरच्या दवाखान्यातली नर्स चपला न घालता पळत आली आणि त्याच चादरीवर आमची लेक जन्माला आली. मी बघितलं तर सगळीकडून चुरगळलेली. म्हटलं, आयुष्यभर लोकांच्या सुरकुत्या काढल्या, आता ही एक काढून दाखव."

त्या दिवसापासून लेकीचं नाव सुरकुती. शाळेत वेगळं नाव लावलं, पण ते शाळेतच राहिलं. घडीमास्तर शेवटाकडे येतात तेव्हा आवाज मऊ करतात. "आणि हिनं लेकीला बघितलं मात्र, डोळ्यांना धारा. छातीशी धरली ती कुणाच्या हातात द्यायलाच तयार नाही."

यातलं निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याला काकूंनी कधी हात लावला नाही. नवऱ्याची गोष्ट पक्क्या घडीच्या शर्टासारखी होती. मोडल्याशिवाय आतलं दिसत नाही, आणि मोडायची वेळच कधी आली नव्हती.

ती वेळ आली एका दुपारी. सुरकुती स्वतः बाळंत होऊन दवाखान्यातून आईकडे आली होती. ती पार्लरमध्ये केस कापते, तीही दिवसभर उभी. तिचा नवरा कामावर गेला होता, वरच्या खोलीत ती कॉटवर बसली होती आणि शेजारी दुपट्यात मुलगी झोपली होती. काकू दोरीवरची दुपटी काढून घड्या घालत होत्या. खाली कुणीतरी बाळाची चौकशी करायला आलं असावं, कारण घडीमास्तरांचा आवाज जिन्यातून वर येत होता. लॉजच्या चादरींपर्यंत गोष्ट आली होती.

"आई, बाबांना ती गोष्ट बंद करायला सांग," सुरकुती म्हणाली.

"का गं? मैत्रिणींना घरी आणून ऐकवायचीस की."

"आता नको वाटते."

काकूंनी पुढचं दुपटं घेतलं. लेक काही बोलणार असेल तर तिच्याकडे बघायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. बघितलं की ती मिटते.

"तू मला बघून रडलीस," सुरकुती म्हणाली. "मला काहीच झालं नाही, आई. नर्सनं हिला माझ्या अंगावर ठेवलं. मी बघितलं. दुसऱ्या कुणाची तरी असावी तसं वाटलं, आणि अजून तसंच वाटतंय. दूध पाजते, दुपटी बदलते, सगळं करते. गिऱ्हाईक सांभाळावं तशी. कुणी म्हणालं की किती गोड आहे, तर मी हो म्हणते." तिनं भिंतीकडे तोंड केलं. "माझ्यात काहीतरी बसवायचंच राहून गेलंय."

खाली घडीमास्तरांचा आवाज मऊ झाला होता. काकूंनी जिन्याचं दार लोटून घेतलं आणि कॉटच्या कडेला येऊन बसल्या.

"मी रडले ते खरं," त्या म्हणाल्या. "पण कशानं रडले ते तुझ्या बाबांना कुठून कळणार? कळ थांबली म्हणून रडले. सुटले एकदाची म्हणून."

"आणि मला बघून?"

"तुला बघून मी विचारलं, इस्त्री चादरीवर तर नाही ना राहिली?"

सुरकुतीनं मान वळवली.

"खरं सांगते. लॉजची चादर होती ती. मग चहा मागितला, दोन कप प्याले आणि झोपले. म्हणे कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हती. अगं, माझा हातच उचलत नव्हता. तू ठेवली तिथं राहिलीस."

"काही वाटलं नाही तुला?"

"भूक लागल्यासारखं वाटलं."

सुरकुतीच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसू पुरतं आलं नाही. "मग कधी वाटलं?"

काकूंना आठवावं लागलं नाही. ती दुपार त्यांच्याकडे जशीच्या तशी होती, फक्त आजवर कुणी मागितली नव्हती. "थंडी होती," त्या म्हणाल्या. "वर गारठा, म्हणून तुला वेताच्या टोपलीत घालून खाली टेबलाजवळ ठेवायचे. तिथं इस्त्रीची ऊब. एकदा तुझे पाय गार लागले. बाकी अंग कसं आहे बघावं म्हणून उचललं, आणि सवयीनं काय केलं माहितीय? इस्त्री धरते तसं धरलं तुला. गालाजवळ, चार बोटांवर, डोळे मिटून."

"मला?"

"तुला. तापलीय का बघायला. तू मान वळवलीस आणि माझा गाल तोंडात धरलास. दूध समजून. तोंडात दात नाही, पण पकड अशी की सोडेचना. मला हसू आलं. म्हटलं, वेडी कुठली, तिथं काय आहे?" काकू थांबल्या. "ते तुझ्याशी पहिलं बोलणं. तोवर तुझ्याबद्दल बोलत होते. दूध प्याली का, झोपली का. तुझ्याशी नव्हते बोलले."

"आणि मग झालं सगळं?"

"एवढ्यानं काय होतंय. टोपलीत ठेवलं आणि पँटी घ्यायला लागले. त्या दिवशी एका पँटीला दोन क्रीज पडल्या. बाबा म्हणाले, लक्ष कुठंय तुझं."

सुरकुतीनं मुलीच्या दुपट्याची कड सारखी केली. मग म्हणाली, "आणि मला नाहीच झालं असं, तर?"

"तर समोरच्या दवाखान्यात नर्सबाईंना सांगू. काहीजणींचं मन बाळंतपणानंतर सुन्न पडतं, त्यांच्याकडे अशा किती येतात. त्यात लाजायचं काय? मी येते बरोबर." काकूंनी तिचा पाय पांघरुणात ढकलला. "पण तुझ्यात काही राहून गेलंय असं म्हणू नको. जन्माला मी घातलंय तुला. काय काय बसवलंय ते मला माहितीय."

दुपट्यातून कुरकुर सुरू झाली. सुरकुतीनं मुलीला उचलून मांडीवर घेतलं, आधीच्या दिवसांत घेत होती तसंच, जपून आणि अंतर ठेवून. टोपडं सरकलं होतं. तिची बोटं सवयीनं केसांत गेली आणि टाळूमागे थांबली.

"आई, हिला दोन भोवरे आहेत."

"असतील."

"एक इकडे, एक तिकडे. मधले केस उभेच राहणार. कुणा अनाड्याच्या हाती लागली तर कोंबडा करून ठेवतील." तिनं अंगठ्यानं ते केस एका बाजूला बसवून बघितले. ते बसले नाहीत. मग ती वाकली, आणि तिचा आवाज आईकडून दुसरीकडे वळला. "हट्टी दिसतेस. तुझे केस मी कापणार. दुसऱ्या कुणाला डोकं द्यायचं नाही. कळलं का?"

काकूंनी वळून बघितलं नाही. हातातल्या दुपट्याची घडी घातली. ती वाकडी आली. त्यांनी ती मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.