बाई उजवीकडे का बसतात
गोवा राज्य झालं त्या वर्षी मी वाचा-श्रवणोपचार शिकत होते. डिचोलीतल्या एका लहानशा केंद्रात ज्या बाईंच्या हाताखाली होते, त्यांची मी अगदी माकडासारखी नक्कल करायचे. बाई नेहमी रुग्णाच्या उजव्या हाताला बसत आणि दोघं समोरच्या आरशात बघून बोलत. चुकूनही डावीकडे नाही! यात काहीतरी मोठं शास्त्र असणार, असं मला वाटे. पुस्तकं चाळली, सापडलं नाही. कुतूहल आणखीच वाढलं. पण विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल ना, म्हणून गप्प बसले.

अशात आमच्या पेडण्याचाच एक बसकंडक्टर आला. अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेलेली. त्याला बोलता येईल ना, नाहीतर बसवर परत घेणार नाहीत, या काळजीनं त्याची बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाये, तांकां उलोवंक येतलें मगो? ना जाल्यार गाडयेर परत घेवचे नात."

"येतलें," मी ठोकून दिलं आणि ऐटीत त्याच्या उजवीकडे बसले. तीन आठवडे आरशात ओठांचे आकार करून दाखवले. तो आपला आरशाच्या भलत्याच कोपऱ्यात बघत राही. 'रुग्णाला शिकायची इच्छा नाही,' असं मी वहीत लिहूनही टाकलं. त्या ओळीची मला आजही लाज वाटते.

ती ओळ वाचून बाई खोलीत आल्या. "माझ्या नाकाकडे बघा. बोट दिसलं की हात वर करा," त्या त्याला म्हणाल्या आणि त्याच्या उजवीकडून बोट हळूहळू पुढे आणू लागल्या. बोट थेट नाकापाशी पोचलं, तेव्हा कुठे त्याचा डावा हात उठला. उजवीकडचं त्याला काहीच दिसत नव्हतं. तीन आठवडे मी त्याला दिसलेच नव्हते!

"पण तुम्हीही उजवीकडेच बसता," मी रडवेली झाले.

"माझा उजवा कान लहानपणापासून बहिरा आहे. रुग्ण डाव्या कानाशी असावा म्हणून बसते. तू कशाला बसलीस?"

बाई उठून त्याच्या डावीकडे, बहिरा कान त्याच्याकडे करून बसल्या. आरशातल्या त्यांच्या ओठांवर त्याची नजर प्रथमच खिळली.

"फुडें वच," बाई म्हणाल्या, भरल्या गाडीत कंडक्टर म्हणतात तसं. परत म्हणाल्या. परत. कितव्यांदा कोण जाणे, त्याचे ओठ जुळले आणि अगदी पुटपुटल्यासारखं आलं, "फु... फुडें."

बाई माझ्याकडे वळल्या. "ओठ हलले ते दिसले गं. आवाज आला का?"

"आला, बाई."