नाचणीच्या पानावरची तोंडं

आधीच सांगते, म्हणजे कमेंटमध्ये कोणी अक्कल शिकवायला यायला नको — मी गेली अकरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. सासूबाईंनी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेतल्या तरी माझं तोंड वाकडं होतं. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरीही लिहितेय, कारण दोन वर्षं झाली, डोक्यातून जातच नाही...

आमची शाळा डोळखांबच्या पुढे. मी शहापूरहून स्कूटीने जाते. शाळेत मायक्रोस्कोप एकच, तोही कपाटात, आणि चावी माझ्या पर्समध्ये. सांगायला लाज वाटते, पण मी फळ्यावर आकृती काढायची, मुलांनी ती जर्नलमध्ये उतरवायची, मी सही ठोकायची — झाला प्रयोग! त्यात मी मूळची फिजिक्सवाली. बायोलॉजी पुस्तकात बघून शिकवायची.

नववीत रविना होती, वरच्या पाड्यावरची, अबोल. पर्णरंध्रांचा धडा चालू होता, म्हणजे पानावरच्या ज्या बारीक छिद्रांतून झाड श्वास घेतं त्यांचा. पुस्तकातल्याप्रमाणे मी राजम्याच्या दाण्यासारख्या दोन पेशी आणि मधे फट काढली. सगळ्यांनी तेच काढलं. रविनाने मात्र मधे बारीक, टोकांना फुगीर अशा पेशी काढल्या, अगदी डंबेलसारख्या, आणि त्याही ओळीने. खाली लिहिलं, 'नाचणीचे पान'.

"हे काय मनाचं काढलंस?"

"नाचनीची तोंडं अशीच असतात, बाई."

"कुठे बघितलीस?"

"दिसतात."

वर्ग हसला. मीही हसले. वर "थापा मारू नकोस" म्हणाले आणि जर्नलचं ते पान फाडायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

शुक्रवारी तिची मैत्रीण म्हणाली, "ती आता नाय येनार बाई. रविवारी आईबापासंगं भट्टीवर चाललीय."

तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात. ती काकीकडे राहून शाळा करायची. भट्टीवर गेलेली मुलगी वर्गात परत येत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

मधल्या सुट्टीत, का कोण जाणे, कपाट उघडलं. शाळेमागच्या शेतातून नाचणीचं पान आणलं, ब्लेडने खरवडलं, डोळा लावला... डंबेल! ओळीने. तिने काढली होती तशीच.

शनिवारी शाळा सुटल्यावर मायक्रोस्कोप आणि नाचणीचं एक पान पिशवीत घालून पाडा चढले. तिची आई बोचकी बांधत होती.

"तुमी तिला खोटी म्हनलात बाई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पोर दोन दिस जेवली नाय."

"ताई, ती खरी होती. चुकले मी." हे बोलताना मला रडू आलं, लपवत नाही.

अंगणात उन्हाकडे आरसा करून मायक्रोस्कोप लावला, आणलेलं पान खरवडून खाली ठेवलं. रविनाने आयुष्यात पहिल्यांदा त्याला डोळा लावला. डोळा न काढताच म्हणाली,

"ही मिटलीत बाई. पान पिशवीत व्हतं ना?"

मग धावत जाऊन तिने बांधावरचं उन्हातलं पान आणलं. मी ते खरवडून लावलं. फटी उघड्या होत्या...! उंबऱ्यात बसलेले तिचे वडील उठले, त्यांनीही डोळा लावला. मग बायकोला म्हणाले, "हिचं बोचकं सोड. ऱ्हाऊ दे काकीपाशी."

आज रविना मुरबाडला अकरावी सायन्सला आहे. आणि मी कपाटाला कुलूप लावत नाही.

तेव्हा पाड्यावर नेटवर्क नव्हतं, दुसरं पुस्तक नव्हतं. नुसत्या डोळ्यांना तो आकार दिसणं शक्यच नाही. खोदून खोदून विचारलं तर एवढंच म्हणते, "डोले मिटायचे, पान पापनीवर ठेवायचं, उन्हाकडं तोंड करायचं. दिसतात." मी करून पाहिलंय. लालसर अंधार दिसतो, बाकी काही नाही. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि ज्या ज्या बायोलॉजीवाल्यांना विचारलं त्यांच्याकडेही नाही.

परवा सुट्टीत आली, तेव्हा मी शाळेच्या पायरीवर पापणीवर पान ठेवून बसले होते. ती हसली नाही. शेजारी टेकली आणि म्हणाली, "तुमाला घाई असते बाई. बसा अजून. मी हाय."