आधी दुखणं, मग किलोमीटर

माणिकराव फुलारे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. हर्सूल तलावाच्या कठड्यावर पाठमोरे बसून ते बुटाची नाडी बांधत होते. मी मागून धावत आले. त्यांना ओलांडून पुढं जाणार, तेवढ्यात ते म्हणाले, “डावा पाय जड पडतोय, बाई. बूट झिजलाय का पाय दुखतोय?”

मी थांबून बूट पाहिला. डाव्या बुटाची टाच एका बाजूनं खरंच झिजली होती. मग त्यांनी मला शेजारी बसवलं आणि नाडीला दुहेरी गाठ कशी मारायची ते दाखवलं. “ही गाठ तलावाला दहा चकरा मारल्या तरी सुटत नाय,” ते म्हणाले. ती गाठ पुढं या लेखात पुन्हा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

काकांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी हा लेख द्यायला मी सर्वांत उशीर केला. संपादकांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी टाळलं. हा लेख माणिककाकांच्या हातात पडेल की नाही, हेच मधले काही दिवस आम्हाला ठाऊक नव्हतं.

काका बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. गाडी आत आली की बॉनेट उघडायच्या आधी कान द्यायचा, ही त्यांची सवय. निवृत्त झाल्यावर ते धावू लागले आणि तोच कान आमच्या पायांना लावू लागले. तलावावर त्यांच्याभोवती जमत गेलेल्या गटात आज चाळीसेक जण आहेत. शिक्षक आहेत, दोन परिचारिका आहेत, शहागंजात बेकरी चालवणारे मोईनभाई आहेत. आमच्यापैकी कुणी खेळाडू नाही. नोकरी-धंदा सांभाळून धावणारी ही साधी माणसं आहेत.

मी देवगाव रंगारीची. आमच्या घरात मेंढरं आहेत, थोडी शेती आहे, आणि पदवी घेतलेली मी पहिलीच. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी लागली तेव्हा हर्सूलला खोली घेतली. रोज सकाळी पळते असं कळल्यावर आईनं फोनवर विचारलं होतं, “मागं कोन लागलंय का तुझ्या?”

गटाचा एक नियम काकांनी पहिल्या दिवसापासून ठेवला आहे. रविवारी धावून झालं की चहाच्या आधी वही निघते. प्रत्येकानं आठवडाभरात काय दुखलं ते आधी मोठ्यानं सांगायचं आणि त्यानंतर किती किलोमीटर झाले ते. काका लिहून घेतात. किलोमीटर सांगायला सगळ्यांनाच आवडतं, दुखणं सांगताना मात्र आवाज खाली जातो. मोईनभाई एकदा म्हणाले, “काका, घुटने में जरासा कुछ हुआ है, लिखो मत.” काकांनी लिहिता लिहिताच उत्तर दिलं, “गुडघा तुमचा हाय, वही माझी हाय. लिहिलं.”

दुसऱ्या वर्षी मी हा नियम मोडला. हिवाळ्यात शहरात एकवीस किलोमीटरची शर्यत होती आणि पदक आणते म्हणून मी गावी सांगून बसले होते. शर्यतीला महिना राहिला असताना डाव्या नडगीत एका जागी ठणका लागला. दोन रविवार मी वहीत ‘काही नाही’ असं सांगितलं. तिसऱ्या रविवारी काकांनी वही मिटली आणि म्हणाले, “एका पायावर उडी मार बघू.” मला मारता आली नाही. त्यांनी नडगीवर अंगठा टेकवला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरांकडं तेच घेऊन गेले. हाडाला बारीक चीर होती. सहा आठवडे धावणं बंद, म्हणजे शर्यतही गेली. दवाखान्याच्या पायरीवर मी त्यांना नको ते बोलले. “तुमचं काय जातंय, तुमचं धावून झालंय,” असे माझे शब्द होते. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी असं बोलले, हे आज लिहितानाही जड जातंय. दुसऱ्या दिवशी काकांनी मला एवढंच विचारलं, की सकाळी चालायला किती वाजता जमेल. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिल्यावर रोज सकाळी गटाबरोबर धावायचं सोडून ते माझ्याबरोबर चालले. किती चालायचं आणि कुठं थांबायचं हे तेच ठरवत. मी चिडले तरी ते पाऊल वाढवत नसत.

त्याच दिवसांत माझे वडील मला बघायला आले. तलावावर आम्ही दोघंच हळूहळू चालतोय आणि बाकीचे पुढं पळून गेलेत, हे त्यांना पटलं नाही. ते काकांना म्हणाले, “लंगडं मेंढरू मागं नाय ठेवायचं, पाव्हणं. मागं ठेवलं की लांडग्याचं होतं. त्याला पुढं घालायचं. मग कळप त्याच्या चालीनं येतो.”

काकांनी वडिलांना हात जोडले. “आम्ही इतकी वर्षं उलटंच करीत होतो बघा,” म्हणाले. पुढच्या रविवारपासून नवा नियम झाला. पहिली चक्कर दुखावलेल्या माणसाच्या चालीनं होते. तो पुढं आणि बाकीचे सगळे त्याच्या मागं. आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेल्या माझ्या वडिलांचं म्हणणं शिकलेल्या चाळीस माणसांनी नियम म्हणून पाळलं. हे काकांनी केलं, आणि माझ्या घरासाठी ते कोणत्याही पदकाहून मोठं आहे.

यंदा काकांना पंच्याहत्तर पूर्ण होणार म्हणून गटानं ठरवलं की त्या रविवारी काका एकवीस किलोमीटर धावतील आणि आम्ही सगळे त्यांच्यासोबत. सगळ्यांसाठी एकसारखे सदरे शिवायला टाकले. काकाही जोरात तयारीला लागले.

कार्यक्रमाला तीन आठवडे राहिले होते. हर्सूल जेलकडून तलावाकडं वर येणाऱ्या रस्त्याच्या चढावर काका एकाएकी वाकले. “नाडी सुटली, तुम्ही व्हा पुढं,” म्हणाले. आम्ही पुढं गेलो. पुढच्या रविवारी त्याच चढावर ते पुन्हा वाकले. पुन्हा नाडीच सुटली होती. या खेपेस मी पन्नासेक पावलं गेले आणि थबकले. काकांची गाठ सुटत नाही. त्यांनी शिकवलेली माझीसुद्धा कधी सुटलेली नाही.

मागं वळून पाहिलं. ते गुडघ्यावर हात टेकून उभे होते आणि त्यांचे हात नाडीजवळही नव्हते.

चहाच्या वेळी ते म्हणाले, “आज चष्मा घरी राहिला. वही तू लिही.” मी पान आखलं, नावं लिहिली आणि शेवटी काकांचं नाव लिहायला गेले. मागचं पान चाळलं, त्याच्या मागचं चाळलं. काकांची ओळ कुठंच नव्हती. लिहिणारे तेच असल्यामुळं इतक्या वर्षांत त्यांचं दुखणं कुणी विचारलंच नव्हतं. आम्हा चाळीस जणांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

सगळ्यांचं झाल्यावर मी म्हणाले, “माणिकराव फुलारे. दुखणं?”

लोक हसले. काकाही हसले. “काही नाही,” म्हणाले.

“काका, ये जवाब अपने यहाँ चलता नहीं,” मोईनभाई म्हणाले. पुन्हा हसू झालं.

गुरूला चारचौघांत खोटं पाडायचं, आणि माझा अंदाज चुकला तर त्या माणसासमोर पुन्हा उभं कसं राहायचं? तरी मी विचारलं, “काका, दोन रविवार तुमची नाडी त्याच चढावर कशी सुटतीय?”

हसणं थांबलं. काका हळू आवाजात म्हणाले, “कार्यक्रम होऊ दे, बाई. मग बघू.”

“माझी शर्यत होऊ दिली होती का तुम्ही?”

“चढावर छाती आवळतीया,” शेवटी काका म्हणाले. “इथपातुर येतं.” त्यांनी जबड्याला हात लावला. “थांबलं की जातं. लिही.”

मी ते लिहिलं नाही. आमच्यातल्या एका परिचारिकेनं त्यांना जागचं हलू दिलं नाही, आणि मोईनभाईंनी गाडी थेट कठड्यापाशी आणली. दवाखान्यात काकू आल्या तेव्हा काकांना आत नेलं होतं. “पळताना पडले का?” त्यांनी विचारलं. मी घडलेलं सांगितलं. त्या बाकावर बसल्या. “मला सांगितलं असतं तर पळू दिलं नसतं मी. म्हणून नाय सांगितलं,” एवढंच म्हणाल्या. दार उघडेपर्यंत माझ्या मनात माझेच जुने शब्द फिरत होते, “तुमचं धावून झालंय.”

हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टरांनी ती उघडून आत स्प्रिंग बसवली. एकवीस किलोमीटरचं काय झालं असतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी भेटायला आत सोडलं तेव्हा काकांनी मला जवळ बोलावलं. “लिहिलंस का?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. “मग लिही. ओळ रिकामी ठेवू नको.”

पंच्याहत्तरीचा रविवार पुढं ढकलला, शिवलेले सदरे घडी करून ठेवले. ज्या रविवारी डॉक्टरांनी तलावावर चालायची परवानगी दिली, त्या रविवारी आम्ही ते घातले. काका पुढं होते, त्यांच्या शेजारी काकू होत्या. चाळीस माणसं त्यांच्या चालीनं मागं होती आणि त्यांत देवगावहून आलेले माझे वडीलही होते. तो चढ आला. काका थांबले, तशी अख्खी रांग थांबली. त्यांनी श्वास घेतला, नाडीकडं हात नेला नाही. “जरा दम लागला,” सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि परत चालू लागले.

चहाच्या आधी वही निघाली. आता ती दर रविवारी दुसऱ्याच्या हातात असते. काकांनी आपली ओळ स्वतः सांगितली. “दुखणं, बायको पळू देत नाय. किलोमीटर, एक.” काकूंनी तिथल्या तिथं दुरुस्ती केली, “पाऊण.”

माणिककाकांनी आम्हाला पळायला शिकवलं, पण मी त्यांच्याकडून थांबायला शिकले, आणि थांबल्याचं मोठ्यानं सांगायलाही. त्यांना उदंड आयुष्य लाभो, असं वाटणारे आम्ही तलावावर चाळीस जण आहोत आणि गावाकडं त्याहून जास्त. त्यांच्या शंभराव्या वर्षीही रविवारच्या वहीत त्यांची ओळ भरलेली असावी, तिच्यात लहानसंच दुखणं असावं, आणि ते त्यांनी स्वतः सांगावं. काका, तुम्ही पुढं चला. आम्ही तुमच्या चालीनं येतो.